दोन बाटल्यांत एकच माशी

पिकलेल्या केळ्यांभोवती जी बारकी चिलटं घोंगावतात, ती तुम्ही हाताने हाकलता. मी ती पाळते, आणि त्याचा मला पगार मिळतो.

वर्ध्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. गेली एकोणीस वर्षं फळमाश्यांची खोली माझ्या ताब्यात आहे. नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी पिपरी मेघेतल्या आमच्या आख्ख्या गल्लीत पेढे वाटले, सून कॉलेजात लागली म्हणून. चार दिवसांनी शेजारच्या बाईंनी विचारलं, सून शिकवते काय? सासूबाईंनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोकाईच्या सुना म्हशी पाळते, आमची चिलटं पाळते. ना दूध, ना शेण. पेढे काऊन वाटले मग मी?"

आमच्या घरात लग्नकार्याला चार माणसं जमली की मला पुढे बसवतात. "सविता, तुह्या माश्याईची सांग." मग मी सांगते. नव्या क्लार्कने माझ्या पातेल्यातला 'शिरा' कसा चमचाभर खाल्ला ते सांगते. माश्यांचं खाणं मी रोज रांधते: मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर. वास इतका खमंग येतो की कॉरिडॉरमध्ये माणसं घुटमळतात. बुरशी धरू नये म्हणून शेवटी त्यात थोडं अ‍ॅसिड घालतात, हे मी त्या क्लार्कला सांगेपर्यंत त्याने घास गिळला होता. तो नळाकडे धावला तो महिनाभर आमच्या मजल्यावर आला नाही.

दुसरी गोष्ट फवारणीवाल्याची. कॉलेजात तपासणीची समिती येणार होती म्हणून ऑफिसने कीटकनाशक फवारणारा माणूस बोलावला. पाठीवर पंप लावून तो माझ्या दाराशी आला, काचेतून आत डोकावला आणि त्याचा चेहरा उजळला. "बाई, अंदर तं लयच चिलटं झाले! हे खोली मी तुम्हाले फुकटात मारून देतो." मी दोन्ही हात पसरून दारात उभी राहिले. "पहिले मले मार," असं म्हणाले म्हणे. मला आठवत नाही, पण शिपाईदादा शपथेवर सांगतात. त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायच्या, "या आमच्या सविताताई. यांच्या हातून आजवर एक बाटली मेलेली नाही."

या गोष्टींवर लोक हसतात, मीही हसते. पण खाली लिहिते आहे ती गोष्ट मी कुठल्याच लग्नात सांगितलेली नाही. ती सांगायची तर आधी माझं काम थोडं समजावून सांगावं लागेल.

माशीचं आयुष्य दीड-दोन महिन्यांचं. म्हणून तिचा वंश बाटलीत चालता ठेवावा लागतो. अन्न घातलेल्या बाटलीत माश्या सोडायच्या, कापसाचा बोळा लावायचा. त्या अंडी घालतात, अळ्या होतात, कोष होतात, नव्या माश्या बाहेर येतात. दर पंधरा दिवसांनी या नव्या माश्या ताज्या अन्नाच्या बाटलीत उलटायच्या. याला आम्ही 'पलटी' म्हणतो. माझ्या मांडणीवर अशा ऐंशीएक बाटल्या. प्रत्येकीत वेगळा वंश. एकीचे डोळे पांढरे, एकीचे पंख मुडपलेले. काही मात्र अशा की दिसायला अगदी साध्या माशीसारख्या, पण आत एखादी गोष्ट कमी. त्यांची ओळख म्हणजे फक्त बाटलीवरचं लेबल. लेबल लिहिणारी मी.

म्हणून एक नियम असतो. प्रत्येक वंशाचे दोन संच ठेवायचे, दोन वेगळ्या जागी. एक एसीच्या खोलीत. दुसरा एका थंड कपाटात. तिथे माश्या सावकाश वाढतात, त्यांची पलटी महिन्याने केली तरी चालते. एक संच दगावला तर दुसरा असतो. पलटी केली की रजिस्टरात तारीख आणि सही. एवढंच माझं शास्त्र.

रूपाली आमच्याकडे पीएच.डी.ला आली ती आर्वीकडच्या एका खेड्यातून. वडिलांची शेती, कापूस आणि सोयाबीन. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पातेल्यात डोकावून विचारलं, "काकू, गूळ कोन्या दुकानातून आणता? हा भेसळीचा दिसून राह्यला." मला राग यायला हवा होता, पण मुलगी आवडली.

तिचा विषय माशीची आठवण. माशीला आठवण असते? असते. तांब्याच्या तारांची जाळी असलेल्या नळीत शंभरेक माश्या सोडायच्या. एक वास सोडायचा आणि त्याच वेळी तारांतून हलका झटका द्यायचा. मग दुसरा वास, त्याला झटका नाही. नंतर त्यांना दोन्ही वासांच्या मधोमध आणून सोडायचं आणि कुठे जातात ते पाहायचं. शहाणी माशी झटक्याच्या वासाकडे पाठ फिरवते. दोन्हीकडच्या माश्या मोजायच्या की आठवण किती राहिली त्याचा आकडा मिळतो. हे सगळं मंद लाल उजेडात, कारण लाल रंग माशीला जवळजवळ दिसत नाही. ती नळी बांधण्यातच रूपालीचा बराच काळ गेला. तांब्याची तार आमच्या ह्यांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली. "माश्याईले शॉक द्याले तार पाह्यजे?" असं विचारून त्यांनी ती अर्ध्या भावात दिली आणि पुढे आठवडाभर गिऱ्हाइकांना ते सांगत बसले.

तिच्या प्रयोगात साध्या माशीच्या जोडीला एक बिनआठवणीची माशीही होती. मी तिला एकदा विचारलं की त्या माशीत कमी काय असतं. तेव्हा तिने मला जे सांगितलं त्याहून चांगलं मी आजपर्यंत कुठे ऐकलं नाही.

"काकू, कापसाच्या दिवसात आर्वीच्या बाजारात कधी गेलत्या? बाहेर मैदानात गाड्या उभ्या राह्यते, रांगेनं. तिथं एक मानूस असते. तो गाड्या धरून ठेवते, आन् गेटवर जागा झाली की एकेक सोडते. मेंदूतल्या एका पेशीचं टोक म्हंजे तो बाजार. तिथं रसायनाच्या बारक्या पिशव्या असते, त्या म्हंजे गाड्या. पिशवी फुटली का निरोप पुढच्या पेशीले गेला. आन् तो मैदानातला मानूस म्हंजे एक प्रथिन, सिनॅप्सिन. तो नसला तर सुरुवातीच्या चार गाड्या जाते, मंग मांगच्या गाड्याईचा पत्ताच नाई. सारा गोंधळ."

"आन् गोंधळ झाला का माशी विसरते?"

"थोडी. साफ नाई विसरत. पण साध्या माशीपेक्षा कच्ची राह्यते."

हे जगात आधीच ठाऊक होतं. रूपालीला पुढचं पाहायचं होतं, की ते प्रथिन मेंदूच्या एखाद्याच कोपऱ्यात परत घातलं तर आठवण परत येते का. पण त्याआधी आपल्या हाताने, आपल्या यंत्रावर पहिली पायरी दाखवावी लागते. साधी माशी जास्त लक्षात ठेवते, बिनप्रथिनाची कमी. एवढं दिसलं की पुढे जायचं. दोन्ही वंश दिसायला हुबेहूब सारखे. डोळे लाल, पंख सरळ. वेगळं फक्त लेबल.

आता माझी गोष्ट.

त्या वर्षी मार्चमध्ये थंड कपाटातल्या संचाची पलटी आली तेव्हा माझी कंबर धरली होती. म्हटलं, उद्या करू. रजिस्टरात सही मात्र केली, कारण रकाना रिकामा दिसला की मला चैन पडत नाही. एप्रिलची पलटी आली त्या आठवड्यात तळेगावला माझ्या भाचीचं लग्न. बारा दिवसांची रजा घेतली. जाण्याआधी रजिस्टर पुढे ओढलं आणि येणाऱ्या तारखेवर सही करून ठेवली, परत आल्यावर पहिलं हेच काम करायचं असं ठरवून. परत आले तेव्हा डोक्यात लग्नातले मानपान होते. कपाट उघडलंच नाही.

मे महिन्यात एका शनिवारी कॉलेज बंद झाल्यावर माश्यांच्या खोलीचा एसी बंद पडला. वर्ध्याचा मे मी काय सांगावा! सोमवारी दार उघडलं तर आतून भट्टीसारखा झोत अंगावर आला. बऱ्याच वंशांत काही ना काही जीव शिल्लक होता. बिनप्रथिनाच्या बाटलीत काहीच नव्हतं. अन्न पातळ होऊन खाली बसलेलं, अळ्या काळ्या पडलेल्या. मी घाबरले नाही. दुसरा संच होता ना! थंड कपाट उघडलं. तिथल्या बाटलीतलं अन्न वाळून काचेपासून सुटलं होतं आणि तळाशी माश्या नव्हत्या, माश्यांचा भुगा होता.

तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक होतं. मॅडमकडे जायचं आणि सांगायचं. ज्या प्रयोगशाळेतून तो वंश आला होता तिथे त्या पत्र लिहितील, पंधरा दिवसांत दोन नळ्या येतील. पण मॅडम रजिस्टर मागणार. तिथे माझ्या दोन सह्या.

आणि दुसरंही एक होतं, ते लिहायला जास्त जड जातं. 'यांच्या हातून एक बाटली मेलेली नाही.' हे वाक्य माझं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र होतं. बारावी नापास बाईला दुसरं कोणतं मिळणार? मी दार लावून घेतलं, नव्या दोन बाटल्या घेतल्या, साध्या माश्यांच्या बाटलीतून मूठमूठ माश्या दोन्हीत उलटल्या आणि स्वच्छ अक्षरात बिनप्रथिनाची लेबलं लावली. मनाला सांगितलं, सध्यापुरतं. मॅडमचा मूड पाहून सांगू.

जूनमध्ये रूपालीने मोजायला सुरुवात केली.

पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही. साधी माशी जेवढं लक्षात ठेवते तेवढंच 'बिनप्रथिनाची'. रूपाली म्हणाली, माहा हात बसायचा हाये अजून. दुसऱ्या महिन्यात तेच. मग ती कारणं शोधायला लागली, आणि मी मदत करायला लागले. हे 'मदत' लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं.

आधी तिला वाटलं, वीज कमी-जास्त होत असेल. आमच्या ह्यांनी दुकानातून स्टॅबिलायझर आणून लावला. मग वाटलं गूळ. मी भर पावसाळ्यात अख्खं मार्केट पालथं घालून बिनरसायनाचा काळा गूळ आणला. मग वाटलं आपल्या अंगाचे वास माश्यांना लागत असतील. तिने सुगंधी साबण सोडला, पावडर सोडली. एक दिवस चाचरत म्हणाली, "काकू, तुमच्या तेलाचा वास लय येते. तुम्ही खोलीत येता ना, म्हून म्हनलं."

मी दुसऱ्या दिवसापासून डोक्याला तेल लावणं बंद केलं. चार महिने केस वाळक्या गवतासारखे घेऊन हिंडले. सासूबाई म्हणायच्या, "सुतक धरलं हाये काय वं?" तेल सोडलं, गजरा सोडला, पण तोंड उघडलं नाही.

तुम्ही म्हणाल, रोज कसं काय जमलं? खरं सांगते, पहिले पंधरा दिवस जड गेले. मग सवय झाली. रोज सांगायचं ठरवायचं आणि रोज आणखी एक दिवस जास्त झालेला असायचा. दोन आठवड्यांची चूक सांगता येते. पाच महिन्यांची सांगायला गेलं तर आधी पाच महिन्यांचं गप्प बसणं सांगावं लागतं.

मोठ्या प्रयोगशाळांमध्ये मोजणाऱ्याला कोणती बाटली कुठली हे कळू देत नाहीत. आमच्याकडे माणसंच नव्हती. रूपालीला लेबल दिसायचं, ती एकटी आत बसून मोजायची, एकटी वहीत लिहायची. दिवाळीनंतरच्या एका दुपारी ती बाहेर आली, माझ्या टेबलावर हात टेकून उभी राहिली आणि हसत म्हणाली, "काकू, चार माश्या इकडच्या तिकडे लिहिल्या तर कोनाले कळंन?"

हसत होती, पण डोळे सुजलेले होते. आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "असं करू नये बेटा. इमानानं राहावं मानसानं."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं. दोन बाटल्या माश्या इकडच्या तिकडे करून बसलेल्या माझ्या तोंडून. ती म्हणाली, "मस्करी केली काकू," आणि परत आत गेली.

मार्चमध्ये तिला पीएच.डी.चं काम तपासणाऱ्या समितीपुढे उभं राहायचं होतं. पहिलीच पायरी दाखवता आली नाही तर तिची नोंदणी पुढे चालू ठेवायची की नाही हे ते ठरवणार होते. घरी वडील म्हणत होते, झालं तेवढं शिक्षण पुरे. जानेवारीत मॅडमनी तिला बोलावलं. मी त्या वेळी तिथेच, बाटल्यांचा ट्रे घेऊन उभी. मॅडम वाईट नाहीत, पण पुण्याच्या आहेत, त्यांचं बोलणं सुरीसारखं सरळ जातं.

"रूपाली, आठ महिने. जे इतरांच्या हातून होतं ते तुझ्या हातून का होत नाही? एक तर तू नीट शिकवत नाहीस त्यांना, नाहीतर नीट मोजत नाहीस. वंशात काही दोष असण्याचा प्रश्न नाही. बाटल्या सविताताईंच्या हातच्या आहेत."

रूपालीने मान खाली घातली. मीही घातली. मॅडम म्हणाल्या, "ताई, ठेवा तो ट्रे, हात भरून आलेत तुमचे." मी ट्रे ठेवला आणि निघून आले.

त्यानंतर रूपालीने जे केलं ते कुणीच तिला सांगितलं नव्हतं. तिने दोन्ही बाटल्यांतल्या माश्या घेतल्या आणि नागपूरला मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत गेली. माश्यांची डोकी कुटून त्यातली प्रथिनं एका जेलीतून विजेने पळवतात. मग हवं ते प्रथिन जिथे असेल तिथे काळी रेघ उमटवता येते. साध्या माशीत रेघ येणार, बिनप्रथिनाच्यात जागा कोरी राहणार. दोन्हीत रेघ आली. सारखीच काळी.

बसमधून उतरून ती थेट माझ्याकडे आली. तोंडावरची धूळही पुसलेली नव्हती.

"काकू, माश्या मिसळल्या. माह्याच हातून मिसळल्या. मोजून झाल्यावर उरलेल्या माश्या मी चुकीच्या बाटलीत टाकल्या असन. मॅडम बरोबर म्हनत होत्या. मले कामच करता येत नाई."

आणि मी म्हणाले, "होते असं कधी कधी."

या लेखात मी जे जे लिहिते आहे त्यात हे तीन-चार शब्द सगळ्यात वाईट. लेबल खोटं लावलं तेव्हा मी घाबरलेली होते. इथे तर घाबरण्यासारखंही काही उरलं नव्हतं. दोष घ्यायला कुणीतरी आपण होऊन आलं होतं आणि मी तो तिला घेऊ दिला. वर पाणी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमसाठी पत्र लिहून घेऊन आली. मला वाचून दाखवलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे आठ महिन्यांचे काम वाया गेले आहे...' पुढे तिला लिहायचं होतं की थंड कपाटातला दुसरा संच शुद्ध असून त्याची पलटी नियमित झालेली आहे, त्यातून परत सुरुवात करता येईल. त्यासाठी तिला तारखा हव्या होत्या.

"काकू, रजिस्टर द्या जरा."

मी दिलं. तिने बोट ठेवून खाली खाली वाचत नेलं. मार्च. एप्रिल. बोट थांबलं.

"काकू, चोवीस तारखेची सही हाये तुमची."

"हो."

"त्या दिवशी तर तुम्ही तळेगावले होत्या. लग्नच होतं त्या दिवशी. मी आर्वीवरून आलती ना, पंगतीत माह्या ताटात तुम्हीच बुंदी वाढली."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला अजूनही काही कळलेलं नव्हतं. ती मला सोडवायचा रस्ता शोधत होती, तिचं तिलाच न कळता. "मंग पलटी शिपाईदादानं केली असन. तुम्ही सही मांगून मारली. हो ना?"

हो म्हणायचं होतं, बस्स. दादा म्हातारे, त्यांना काही आठवलं नसतं.

"नाई," मी म्हणाले. "पलटी कोनंच केली नाई. सही मी आधीच मारून गेलती." आणि मग सगळं सांगितलं. एसी, भुगा, दोन नव्या बाटल्या, लेबलं. मी कबुली दिली असं कुणी म्हणू नये. मी सापडले, आणि तेही मला पकडायचं जिच्या मनातच नव्हतं तिच्या हाती.

ती उभीच होती. ओरडेल असं वाटलं. ओरडायला पाहिजे होतं. तिने हळू आवाजात विचारलं, "म्हंजे दोन्ही बाटल्यांत एकच माशी होती? आठ महिने?"

"हो."

"मंग सारखंच यायले पाह्यजे होतं."

"हो बेटा."

"मंग माहं बरोबर होतं." तिचा आवाज फुटला. "काकू, म्हंजे मी बरोबर मोजून राह्यलती."

ती स्टुलावर बसली आणि रडली. मला वाटलं होतं रागाने रडेल. ती सुटकेने रडत होती. आठ महिने त्या मुलीने रोज घरी जाऊन स्वतःच्या हाताला नावं ठेवली होती, आणि हात शाबूत असल्याचं कळल्यावर तिला आधी तेवढंच दिसलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. तिने पाठ बाजूला घेतली. राग तेव्हा आला, आणि तो गेला नाही.

मॅडमकडे आम्ही दोघी गेलो. मी सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, बाटली मेली असती तर काय झालं असतं? मी चार ओळींचं पत्र लिहिलं असतं."

तेवढंच. चार ओळी. माझ्या इभ्रतीची किंमत त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकली. मग त्यांनी रूपालीची वही मागवली आणि आठ महिन्यांची पानं एकेक करून उलटली. शेवटी रूपालीला म्हणाल्या, "मी तुला बोलले ते मागे घेते. हे वाया गेलेलं काम नाही. तुला फरक हवा होता, लेबल तुझ्यासमोर होतं, बघायला कुणी नव्हतं. तरी तू रोज सारखंच लिहिलंस, कारण ते सारखंच होतं. मोजणारा खरा आहे हे याहून वेगळं कसं दाखवणार?"

मी तिथेच होते. एकाच वहीत एकीचा खरेपणा आणि दुसरीचा खोटेपणा इतका स्वच्छ लिहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

समितीने वर्षभराची मुदत दिली. नवा वंश कुरियरने आला. पार्सल मी उघडू नये असं कुणी म्हणालं नाही, पण मी उघडलं नाही. त्या दोन बाटल्यांची पलटी पुढे रूपालीच करायची. माझ्याच टेबलावर, माझ्याच शेजारी उभी राहून, माझ्याच हातचं अन्न घालून. लेबल स्वतः लिहायची. मला अजूनही काकू म्हणायची, जेवलात का विचारायची. बाटली मात्र हातात द्यायची नाही. दोन महिन्यांत तिला फरक दिसला, जसा दिसायला हवा तसा. त्या दिवशी तिने शिपाईदादांना सांगितलं. मला दादांकडून कळलं.

गेल्या हिवाळ्यात तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे एक वयस्कर सर आले होते. हॉलमध्ये तिचे आई-वडील पहिल्या रांगेत, मी मागे चहाच्या थर्मासजवळ. पडद्यावर त्या आठ महिन्यांच्या आकड्यांचं चित्र आलं, शेजारी शेजारी दोन खांब, दोन्ही एका उंचीचे. सरांनी हात वर केला.

"थांबा, हे मला आवडलं. दोन्ही बाटल्यांत एकच वंश ठेवून आधी आठ महिने आपला हात तपासलात. इतका धीर कोण धरतो हल्ली? ही कल्पना कुणाची?"

"कल्पना नव्हती, सर," रूपाली म्हणाली. "चूक होती."

"चूक? कुणाची?"

तिने पडद्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं.

"प्रयोगशाळेची, सर."

मी उठले. खरंच उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. मॅडमनी पाहिलं. सरांनी पाहिलं. रूपालीने आता पाहिलं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं.

"सर," मी म्हणाले, "चहा देऊ का?"

सर हसले, लोक हसले. हो म्हणाले, द्या. मी कप भरून पुढे घेऊन गेले. रूपाली तोवर पुढच्या चित्राकडे वळली होती.

सर कुठल्या गावचे ते मी मुद्दामच लिहीत नाही. पण ते मराठी वाचतात, आणि हा अंक कधी त्यांच्या हाती पडला तर त्यांचा प्रश्न अर्धवट राहिला होता. सर, ती चूक माझी होती.